टाइप २ मधुमेहाची औषधे आणि मद्यपान: गोळीच्या नावापासून दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत

मधुमेहाची औषधे चालू असताना दारू चालते का, या प्रश्नाला "हो" किंवा "नाही" असे एका शब्दाचे उत्तर बहुतेकांना हवे असते, आणि तसे उत्तर देणारेही भरपूर भेटतात. खरे उत्तर मात्र तुम्ही नेमकी कोणती गोळी किंवा इंजेक्शन घेता, तुमचे यकृत आणि मूत्रपिंडे कोणत्या स्थितीत आहेत आणि पिताना पोटात अन्न आहे की नाही, यांवर ठरते. शिवाय धोका ग्लास हातात असताना असतो, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात तो ग्लास खाली ठेवल्यानंतरच्या बारा ते चोवीस तासांत असतो, म्हणजे बहुधा झोपेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणून या लेखातल्या पायऱ्या घड्याळाच्या क्रमाने लावल्या आहेत: आधी औषध आणि मोजमाप, मग ती संध्याकाळ, मग रात्र.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी निर्धोक म्हणता येत नाही. जो पीत नाही त्याने "थोडी घेतली तर साखरेला चांगली" अशा ऐकीव गोष्टीवर विसंबून सुरुवात करण्याचे काहीही कारण नाही. हा लेख अधूनमधून घेणाऱ्या आणि ते पूर्ण सोडण्याची तूर्त तयारी नसलेल्या माणसासाठी आहे. औषधाची मात्रा बदलण्याचा निर्णय मात्र प्रत्येक वेळी तुमच्या डॉक्टरांचाच असेल, तो या लेखाच्या आधारे घरी घ्यायचा नाही.

आधी यकृताचा हिशेब

आपण जेवत नसतो तेव्हाही मेंदूला साखर लागतच असते आणि ती यकृत पुरवते. त्यासाठी यकृत दोन कामे करते. एक म्हणजे ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली साखर थोडी थोडी सोडणे, आणि दुसरे म्हणजे लॅक्टेट, ग्लिसरॉल आणि अमिनो आम्ले यांच्यापासून नवी साखर तयार करणे. मद्य पोटात गेले की यकृत आधी त्याचा निचरा करण्याच्या मागे लागते, आणि त्या प्रक्रियेत पेशींतील रासायनिक समतोल असा बदलतो की नवी साखर तयार करण्याचे काम जवळपास ठप्प होते. जेवलेल्या माणसाचे ग्लायकोजेन काही तास ही उणीव भरून काढते, पण दिवसभर नीट न जेवलेल्या, उलट्या झालेल्या किंवा बराच शारीरिक श्रम केलेल्या माणसाकडे तो साठा आधीच तुटपुंजा असतो. अशा वेळी त्याच्या रक्तात साखर उतरवणारे औषधही असेल, तर साखर खाली येत राहते आणि तिला सावरणारे कोणी उरत नाही.

यकृताचा वेगही ठरलेला असतो. ते साधारणपणे ताशी ७ ते १० ग्रॅम शुद्ध मद्याचा निचरा करते. काळी कॉफी, थंड पाण्याची आंघोळ किंवा लिंबूपाणी यांपैकी कशानेही तो वेग वाढत नाही. रात्री दहापर्यंत सुमारे ३८ ग्रॅम मद्य घेतलेल्या माणसाचे यकृत पहाटे दोन-तीनपर्यंत त्याच कामात गुंतलेले असू शकते. मराठीत नशाही उतरते आणि साखरही उतरते. घात असा की पहिली उतरल्यासारखी वाटते त्याच सुमारास दुसरी उतरू लागते.

सुरुवातीचा काळ तर आणखी फसवा असतो. बिअर, गोड वाइन किंवा साखरेचे शीतपेय मिसळलेला पेग यांमुळे पहिल्या एक-दोन तासांत साखर वाढते. मीटरवर २२० आकडा पाहून कोणी इन्सुलिनची जादा मात्रा टोचून घेतली, तर ती मात्रा आणि यकृताची शिथिलता मध्यरात्री एकत्र येऊन गाठतात. मद्यपानामुळे वाढलेली साखर उतरवण्यासाठी आपल्या मनाने औषध वाढवणे ही या सगळ्या प्रकरणातील सर्वांत धोकादायक चूक आहे, असे मी मानतो.

पायरी १: ज्यांनी घेऊच नये त्यांत आपण आहोत का, ते पाहा

काही परिस्थितींत पुढच्या पायऱ्यांचा उपयोगच नाही, कारण तेथे उत्तर सरळ "नाही" असे आहे. यकृताचा आजार किंवा सिरॉसिस (यकृत आकसून कडक होणे) असणे, स्वादुपिंडाला पूर्वी सूज येऊन गेलेली असणे, मूत्रपिंडे बरीच निकामी झालेली असणे, गर्भावस्था, आणि पूर्वी मद्याचे व्यसन असून ते सुटलेले असणे, या सर्वांत मद्य वर्ज्य आहे. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असतील तरीही तेच उत्तर, कारण मद्य ती चरबी आणखी वाढवते आणि त्यातून स्वादुपिंडाच्या तीव्र सुजेचा धोका उभा राहतो.

पायांत जळजळ, मुंग्या किंवा बधिरपणा असणाऱ्यांनी या यादीत स्वतःला धरावे. मधुमेहाने नसा आधीच दुखावलेल्या असतात, मद्य स्वतंत्रपणे त्याच नसांना इजा करते, आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने बी-१२ जीवनसत्त्व कमी झाले असेल तर तिसरा घाव बसतो. पायांची तक्रार घेऊन येणारा रुग्ण तिन्ही कारणांचा एकत्र परिणाम भोगत असतो आणि त्याला वाटते की हे "फक्त शुगरमुळे" होते आहे.

ज्यांची साखर कमी झाल्याचे त्यांना स्वतःला कळतच नाही, म्हणजे घाम, थरथर, धडधड अशी कोणतीही सूचना न मिळता जे थेट गोंधळतात किंवा बेशुद्ध होतात, त्यांनीही दूर राहावे. बरीच वर्षे इन्सुलिन घेणाऱ्यांत हे विशेष आढळते.

पायरी २: आपली गोळी नावाने ओळखा

"मी शुगरची गोळी घेतो" एवढी माहिती येथे पुरत नाही. घरातील सर्व औषधांची पाकिटे समोर घ्या. ठळक अक्षरांत छापलेले नाव बहुतेक वेळा कंपनीने ठेवलेले असते. आपल्याला हवे आहे ते त्याखाली किंवा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेले घटकांचे नाव. एकाच गोळीत दोन किंवा तीन औषधे असणे आता अगदी सर्रास आहे, आणि "माझी फक्त मेटफॉर्मिन चालू आहे" असे सांगणाऱ्याच्या गोळीत ग्लिमेपिराइडही निघू शकते. ही दोन नावे मद्याच्या बाबतीत अगदी वेगळ्या स्वभावाची आहेत, त्यामुळे घटक वाचणे टाळू नका. वाचता येत नसेल तर औषध दुकानातील फार्मासिस्टला विचारा.

सर्वाधिक सावधगिरी लागते ती सल्फोनिलयुरिया गटासाठी, म्हणजे ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड आणि ग्लिबेनक्लामाइड यांच्यासाठी. ही औषधे स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग रक्तात साखर जास्त असो वा कमी. त्यांतही ग्लिबेनक्लामाइडचा प्रभाव बराच काळ टिकतो आणि मूत्रपिंडे मंदावलेल्या किंवा वयस्कर व्यक्तींत तो आणखी लांबतो. एकदा साखर उतरून ती साखर-पाण्याने सावरली तरी काही तासांनी पुन्हा उतरते, हे या गटाचे वैशिष्ट्य आहे आणि घरच्यांना ते माहीत असणे आवश्यक आहे. याच कुळातील क्लोरप्रोपामाइड या जुन्या औषधावर मद्य घेतल्यास चेहरा लालबुंद होऊन डोके ठणकण्याची प्रतिक्रिया अनेकांना येत असे. ते औषध आता फारसे दिसत नाही.

येथे एक नेहमीची गफलत घडते. जेवणापूर्वी घ्यायची गोळी रात्री आठ वाजता सवयीने घेतली जाते, मग गप्पांत आणि ग्लासांत जेवण अकरापर्यंत लांबते. गोळीचे काम मात्र साडेआठलाच सुरू झालेले असते. गोळीची वेळ घड्याळाशी बांधलेली नसून जेवणाशी बांधलेली आहे, हे या गटाच्या बाबतीत मनावर कोरून ठेवावे. याच पद्धतीने इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या रिपॅग्लिनाइड आणि नॅटेग्लिनाइड या गोळ्यांचा प्रभाव कमी काळ टिकतो, पण त्यांनाही "जेवण असेल तरच गोळी" हाच नियम लागू आहे.

इन्सुलिन घेणाऱ्यांना साखर उतरण्याचा धोका तितकाच, किंबहुना अधिक असतो. रात्री घ्यायचे दीर्घ प्रभावाचे इन्सुलिन, उदाहरणार्थ ग्लार्जिन, रात्रभर काम करत असते आणि त्याच वेळी यकृत मद्याच्या मागे लागलेले असते. म्हणून ते परस्पर बंद करावे असे मात्र नाही. मद्यपानाच्या रात्री मात्रेत काही फेरबदल करायचा का, हे डॉक्टरांना आधी विचारून कागदावर लिहून घ्यावे, कारण ऐनवेळी रात्री अकरा वाजता घेतलेले निर्णय क्वचितच शहाणपणाचे असतात.

मेटफॉर्मिन एकटे असेल तर साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरत नाही, हे खरे आहे. त्याची काळजी वेगळी आहे. मेटफॉर्मिन यकृताकडून होणारा लॅक्टेटचा वापर कमी करते, मद्यही तेच करते, आणि दोहोंच्या जोडीला निर्जलीकरण किंवा मूत्रपिंडांचा बिघाड आला तर रक्तात लॅक्टिक आम्ल साचू लागते. हा प्रकार अतिशय दुर्मीळ असला तरी झाल्यास जिवावर बेततो. मेटफॉर्मिनच्याच कुळातील फेनफॉर्मिन याच कारणाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस अनेक देशांत मागे घेण्यात आले. मेटफॉर्मिन त्याच्यापेक्षा पुष्कळच सुरक्षित ठरले आहे, पण त्याच्या माहितीपत्रकात अति मद्यपान टाळण्याची सूचना आजही असते. मूत्रपिंडांची गाळणक्षमता दाखवणारा ईजीएफआर ३० च्या खाली असल्यास मेटफॉर्मिनच दिले जात नाही. म्हणून हा आकडा तुमच्या शेवटच्या अहवालात किती होता, ते पाहून ठेवा. एका बैठकीत भरपूर पिणे आणि रोज पिणे, या दोन्ही सवयी मेटफॉर्मिनशी जुळत नाहीत.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन आणि कॅनाग्लिफ्लोझिन या एसजीएलटी-२ गटातील औषधांबद्दल सामान्य वाचकाला सर्वांत कमी माहिती असते, म्हणून येथे थोडे थांबतो. ही औषधे साखर लघवीवाटे बाहेर काढतात आणि तिच्यासोबत पाणीही जाते. मद्यानेही लघवी वाढते, त्यामुळे दोहोंच्या संगतीत शरीर कोरडे पडून उठताना चक्कर येऊ शकते. खरा धोका मात्र कीटोअॅसिडोसिसचा, म्हणजे चरबी जळताना बनणारे कीटोन रक्तात साचून ते आम्लधर्मी होण्याचा आहे. जेवण टळलेले, मद्य भरपूर आणि हे औषध चालू, अशी स्थिती त्याला पोषक ठरते. नेहमीच्या कीटोअॅसिडोसिसमध्ये साखर खूप वाढलेली असते. या औषधांवर ती २५० च्या आतही असू शकते. त्यामुळे मीटरवरचा बरा आकडा पाहून रुग्ण आणि घरचे दोघेही निर्धास्त राहतात आणि उलट्यांचे खापर दारूवर फोडतात.

सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड, ड्युलाग्लुटाइड ही औषधे, ज्यांतील बहुतेक इंजेक्शनने घेतली जातात, भूक कमी करतात आणि विशेषतः सुरुवातीच्या काळात जठर सावकाश रिकामे करतात. मळमळ हा त्यांचा नेहमीचा त्रास असून मद्याने तो वाढतो, आणि भूकच नसल्याने माणूस न जेवता पितो. सिटाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन या गोळ्यांनी एकट्याने साखर फारशी उतरत नाही, मात्र व्हिल्डाग्लिप्टिनवर यकृताच्या तपासण्या करत राहाव्या लागतात. या दोन्ही गटांच्या माहितीपत्रकांत स्वादुपिंडाच्या सुजेबद्दल इशारा असतो आणि मद्य हे त्या सुजेचे एक मोठे कारण आहे. पोटाच्या वरच्या भागात सुरू होऊन पाठीत जाणारी तीव्र, न थांबणारी कळ आल्यास वाट पाहू नये. पायोग्लिटाझोनने शरीरात पाणी साठते, त्यामुळे हृदय कमकुवत असलेल्यांनी दोन्हींबाबत डॉक्टरांशी बोलावे.

अकार्बोज आणि व्होग्लिबोज यांच्याबाबत एकच मुद्दा, पण महत्त्वाचा. या गोळ्या आतड्यात घरगुती साखरेचे विघटन लांबवतात. त्यामुळे सोबत ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन असून साखर उतरली, तर साखर किंवा मिठाई खाल्ल्याने पटकन फरक पडत नाही. थेट ग्लुकोजची पावडर किंवा गोळ्याच लागतात.

पायरी ३: पेगऐवजी ग्रॅम मोजा

"दोनच घेतो" या वाक्यातील "दोन" म्हणजे किती, हे ग्लासाच्या आकारावर आणि ओतणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. त्यामुळे शुद्ध मद्याचे वजन काढणे बरे. मिलिलिटरमधील प्रमाणाला बाटलीवरील टक्केवारीने आणि ०.७९ ने गुणले की ग्रॅम मिळतात. ४० टक्क्यांच्या व्हिस्की, रम किंवा व्होडकाच्या ३० मिलिलिटरमध्ये सुमारे साडेनऊ ग्रॅम मद्य असते, तर ६० मिलिलिटरमध्ये १९ ग्रॅम. १२ टक्क्यांच्या वाइनच्या १५० मिलिलिटरमध्ये १४ ग्रॅम भरतात. ५ टक्क्यांच्या बिअरची ३३० मिलिलिटरची छोटी बाटली १३ ग्रॅमची असते, पण ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली तब्बल ४१ ग्रॅमवर जाते. बिअर म्हणजे हलके पेय ही समजूत या शेवटच्या आकड्यापुढे टिकत नाही.

अमेरिकेतील मधुमेह संघटनेच्या मार्गदर्शनानुसार पिणाऱ्या मधुमेही स्त्रीने दिवसाला एका आणि पुरुषाने दोन प्रमाणित पेयांपेक्षा जास्त घेऊ नये, आणि तेथे एक प्रमाणित पेय म्हणजे १४ ग्रॅम. ही कमाल मर्यादा आहे, रोजचा कोटा नाही, आणि आठवडाभराची बचत करून ती शनिवारी एकदम वापरण्याची सोय त्यात नाही. सल्फोनिलयुरिया किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने, माझ्या मते, याच्याही निम्म्यावर थांबावे आणि लागोपाठच्या दिवशी घेऊ नये.

मद्याच्या प्रत्येक ग्रॅममध्ये ७ कॅलरी असतात, म्हणजे साखरेहून जास्त आणि चरबीहून थोड्या कमी. वजन आणि ट्रायग्लिसराइड यांचा हिशेब येथे बिघडतो.

पायरी ४: ग्लासात आणखी काय आहे ते पाहा

साध्या सोड्यात किंवा पाण्यात साखर नसते. कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या डब्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते, आणि टॉनिक वॉटर कडवट लागत असले तरी तेही साखरेचेच असते. बिअरमध्ये पिष्टमय पदार्थ असतात, कोरड्या वाइनमध्ये कमी, आणि लिक्युअर व तयार कॉकटेलमध्ये भरपूर. "डाएट" शीतपेय मिसळल्याने साखर टळते, पण साखर नसलेले मिश्रण जठरातून लवकर पुढे सरकते आणि मद्य रक्तात वेगाने पोहोचते, एवढे लक्षात ठेवावे. त्यावर उपाय म्हणजे सोबत खाणे आणि सावकाश पिणे. बाटलीवर "लो कार्ब" असे लिहिले असले तरी मद्याची टक्केवारी स्वतंत्रपणे वाचावी. दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही.

पायरी ५: त्या दिवशीची तयारी

त्या दिवशी दुपारचे जेवण चुकवू नका. "रात्री जास्त होणार आहे, म्हणून दिवसा कमी खातो" हा वजनाच्या दृष्टीने समंजस वाटणारा विचार येथे उलटतो, कारण यकृताचा ग्लायकोजेनचा साठा संध्याकाळी भरलेला असायला हवा. पिण्यास सुरुवात करण्यापूर्वी साखर तपासा. ती १०० च्या खाली असेल तर आधी खा आणि सावरल्यावरच पुढचा विचार करा. उपाशीपोटी ती कितीही चांगली दिसत असली तरी घेऊ नका. साखर २५० च्या वर असेल, ताप किंवा जुलाब असतील, तर तो दिवस मद्याचा नाही.

आणि आता गोळी टाळण्याविषयी. "आज घ्यायची आहे म्हणून गोळी घेतली नाही" असे सांगताना अनेकांना आपण जबाबदारीने वागलो असे वाटते. गोळी टाळल्याने मात्र त्या रात्री साखर चढते, दुसऱ्या दिवशी भीतीने दुप्पट मात्रा घेतली जाते आणि हळूहळू गोळ्या चुकवण्याची सवयच जडते. ज्या दिवशी गोळी घेणे धोक्याचे वाटते, त्या दिवशी गोळीपेक्षा मद्य टाळणे सोपे असते. काही औषधे एखाद्या दिवशी थांबवणे किंवा पुढे ढकलणे योग्य असू शकते, पण ती कोणती, हे आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

भाकरी, पोळी, भात, कडधान्ये अशा पिष्टमय पदार्थांसह पूर्ण जेवण पिण्यापूर्वी किंवा पितानाच घ्यावे. नुसते तळलेले मांस किंवा खारे दाणे साखर टिकवून ठेवत नाहीत. प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी प्यावे. सोबतच्यांपैकी किमान एका न पिणाऱ्या व्यक्तीला तुम्हाला मधुमेह आहे, औषधाचे नाव काय आहे आणि ग्लुकोज कोणत्या खिशात आहे, हे सांगून ठेवावे. हे सांगायला संकोच वाटतो, हे मान्य आहे. पण उतरलेली साखर आणि चढलेली दारू बाहेरून अगदी सारखी दिसतात: जीभ जड होणे, तोल जाणे, असंबद्ध बोलणे, चिडचिड, झोप. माहिती नसलेले मित्र अशा वेळी "याला जास्त झाली, झोपू द्या" म्हणून पांघरूण घालतात आणि नेमके तेच जिवावर बेतू शकते. मधुमेही असल्याची नोंद असलेले कार्ड पाकिटात किंवा मनगटावर पट्टी ठेवावी ती याचसाठी.

नाचणे किंवा परतताना लांबवर चालणे यानेही स्नायू साखर ओढून घेतात. त्या रात्री जास्त हालचाल झाली असेल तर झोपण्यापूर्वी थोडे जास्त खावे लागेल. वाहन चालवायचे नाही, हे वेगळे सांगायला नको.

पायरी ६: झोपण्यापूर्वी, रात्री आणि सकाळी

कितीही उशीर झाला आणि कितीही कंटाळा आला तरी झोपण्यापूर्वी साखर तपासणे टाळू नये. ती १०० ते १४० च्या दरम्यान असावी, असे साधारणपणे सांगितले जाते. त्याहून कमी असल्यास दूध-पोळी किंवा तत्सम काहीतरी खाऊन मगच झोपावे. सल्फोनिलयुरिया किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी पहाटे तीनच्या सुमारास गजर लावून एकदा तपासावे. सतत साखर मोजणारा सेन्सर लावलेला असेल तर त्याचा कमी साखरेचा इशारा चालू आहे आणि फोनचा आवाज बंद केलेला नाही, याची खात्री करावी, कारण नेमका त्याच रात्री तो बंद केलेला असतो.

सकाळी डोके दुखणे, अंग घामाने ओले असणे, गळून गेल्यासारखे वाटणे, ही सगळी लक्षणे "हँगओव्हर" म्हणून सोडून दिली जातात. आधी साखर तपासा, मग नाव द्या. नाश्ता चुकवून सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन पुन्हा झोपणे, हा साखर उतरण्याचा हमखास मार्ग आहे. दुपारपर्यंत दर तीन-चार तासांनी तपासत राहावे.

पायरी ७: साखर उतरलीच तर

७० च्या खालचा आकडा म्हणजे साखर कमी, आणि ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्यावे. तीन लहान चमचे भरून साखर पाण्यात विरघळवून किंवा १५० मिलिलिटर फळांचा रस किंवा साखरेचे शीतपेय दिले तरी चालते. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज घेणाऱ्यांना मात्र ग्लुकोजच. चॉकलेट किंवा आइस्क्रीम देऊ नये, कारण त्यातील चरबीमुळे साखर सावकाश शोषली जाते. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, अजूनही ७० च्या खाली असल्यास पुन्हा तितकेच द्यावे, आणि सावरल्यावर पोळी किंवा भातासारखे टिकाऊ अन्न द्यावे.

मीटर जवळ नसेल आणि शंका असेल तर साखर उतरली आहे असेच समजून वागावे. चुकून जास्त साखर दिल्याने काही तासांचे नुकसान होते, न दिल्याने मेंदूचे होऊ शकते.

बेशुद्ध किंवा अर्धवट शुद्धीतील माणसाच्या तोंडात काहीही ओतू नये. त्याला कुशीवर वळवावे, रुग्णवाहिका बोलवावी, आणि "मधुमेह आहे, हे औषध घेतो, मद्य घेतले आहे" ही तीन वाक्ये स्पष्ट सांगावीत. घरी ग्लुकागॉनचे इंजेक्शन असेल तर ते द्यावे, पण त्यावर विसंबून रुग्णालय टाळू नये, कारण ग्लुकागॉन यकृतातील ग्लायकोजेनच बाहेर काढते आणि मद्यपानानंतर तो साठा संपलेला असल्यास त्याचा फारसा परिणाम होत नाही. शिरेतून दिलेले ग्लुकोज हाच तेथे खात्रीचा इलाज असतो. सल्फोनिलयुरिया घेणारा शुद्धीवर आला तरी त्याला लगेच घरी नेण्याचा आग्रह धरू नये. साखर पुन्हा उतरण्याची शक्यता असल्याने डॉक्टर त्याला देखरेखीखाली ठेवतात.

उच्च रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांत थरथर आणि धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो. कारण नसताना आलेला गार घाम हीच त्यांची सूचना समजावी.

पायरी ८: उलट्या थांबत नसतील तर

मद्यपानानंतरच्या एखाद्या उलटीने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण उलट्या चालूच राहिल्या, पोट दुखू लागले, श्वास खोल आणि जलद झाला, स्नायू दुखू लागले किंवा माणूस विलक्षण थकलेला दिसला, तर मीटरवरचा आकडा काहीही असो, लगेच रुग्णालय गाठावे. एसजीएलटी-२ गटाची गोळी घेणाऱ्याने तेथे त्या गोळीचे नाव आवर्जून सांगावे आणि कीटोन तपासण्याची विनंती करावी. रक्तातील कीटोन मोजण्याची सोय असेल तर तीच वापरावी, कारण मद्यपानानंतर बनणाऱ्या कीटोनपैकी बराच भाग लघवीच्या पट्टीला दिसत नाही. रक्तातील कीटोन १.५ (मिलिमोल प्रति लिटर) च्या वर गेले असतील तर डॉक्टरांशी ताबडतोब बोलावे, आणि ३ म्हणजे आणीबाणी. अन्नपाणी पोटात टिकत नाही तोवर मेटफॉर्मिन आणि एसजीएलटी-२ गटाची गोळी थांबवण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो. इन्सुलिन मात्र डॉक्टरांना न विचारता बंद करू नये.

मधुमेहाखेरीजच्या गोळ्या

मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकाचा कोर्स चालू असताना आणि संपल्यावरही किमान तीन दिवस मद्य टाळावे. झोपेच्या गोळ्यांसोबत मद्य घेतल्यास श्वास मंदावण्याचा धोका असतो, अॅस्पिरिनसोबत जठरातून रक्तस्राव होण्याचा, आणि रोज पिणाऱ्याने डोकेदुखीसाठी वारंवार पॅरासिटामॉल घेतल्यास यकृताला इजा होण्याचा. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे उठताना चक्कर येणे वाढू शकते.

पायरी ९: डॉक्टरांना खरा आकडा सांगा

बहुतेक रुग्ण "कधीतरी" असे उत्तर देतात आणि बहुतेक डॉक्टर ते मनातल्या मनात वाढवून धरतात. या लपंडावात औषध चुकीचे निवडले जाते. आठवड्याला किती दिवस, दर वेळी किती मिलिलिटर आणि कोणते पेय, एवढे लिहून न्या. हे कळल्यावर डॉक्टर सल्फोनिलयुरियाऐवजी साखर धोक्याच्या पातळीपर्यंत सहसा न उतरवणारा पर्याय देऊ शकतात किंवा एसजीएलटी-२ गट टाळू शकतात. ईजीएफआर, यकृताच्या तपासण्या, ट्रायग्लिसराइड आणि मेटफॉर्मिन अनेक वर्षे चालू असल्यास बी-१२ यांच्याबद्दल त्याच भेटीत विचारावे.

रोज आणि भरपूर पिणाऱ्याने मात्र हा लेख वाचून उद्यापासून एकदम बंद करू नये. शरीराला सवय झालेली असताना मद्य अचानक तुटले तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रमाची गंभीर अवस्था उद्भवू शकते. त्यातील थरथर आणि घाम उतरलेल्या साखरेसारखेच दिसतात. सोडण्याचा निर्णय झाला असेल तर तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) आणि आवश्यक औषधांच्या आधाराने अमलात आणावा. मद्य सुटल्यावर जेवण सुधारते, यकृत पुन्हा साखर तयार करू लागते आणि पूर्वीची मात्रा कमी किंवा जास्त ठरू शकते. म्हणून पहिले काही आठवडे उपाशीपोटीची आणि झोपण्यापूर्वीची साखर रोज वहीत लिहावी आणि ती वही पुढच्या भेटीला सोबत न्यावी.